दक्षिणेची भिंत

९ जानेवारी

मामा, नमस्कार.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाचंच ऐकता, म्हणून हे पत्र.

मी दमले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना 'हिचा सूर असा का' म्हणून काळजी करत बसणार नाही. सदतिसाव्या वर्षी कचेरीतून बिनपगारी रजा घेऊन शिकायला येणं ही कल्पना आधी फार छान वाटली होती. आता वर्गातली बाविशीची मुलं मला मावशी म्हणतात, आणि मी जमिनीवरून उठायला लागले की खोलीतली जोडीदारीण माझ्याऐवजी 'आई गं' म्हणते.

तुम्ही सगळ्यांना सांगत असता की भाची 'जुन्या इमारती न पाडण्याचं' शिकते. या वर्षी त्यासाठी मला एक जुना दवाखाना दिलाय. मधे दरवाजा आणि दोन बाजूंना दोन लांब वॉर्ड, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. दीडशे वर्षांचा आहे म्हणतात. नगरपालिकेला तिथे नवी इमारत हवी आहे, म्हणून एक वॉर्ड ठेवणार आणि एक पाडणार. कुठला ठेवायचा हे ठरवायला समिती नेमली, समितीने आमच्या विभागाला विचारलं, विभागाने आमच्या बाईंना, आणि बाईंनी ते माझ्या गळ्यात मारलं. थोडक्यात, माझा प्रबंध म्हणेल तो वॉर्ड राहील.

प्रबंध पंधरा मार्चला द्यायचा आहे. दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा देत नाहीत, सरळ नाव कापतात.

सात महिने मी तिथे एकेक दगड मोजून कागदावर उतरवते आहे. उत्तरेच्या वॉर्डाची दशा बघवत नाही. जिथे तिथे सिमेंट थापलंय, ओल आलीय, पोपडे सुटलेत. दक्षिणेचा मात्र बघाच, फोटो पाठवते. आतून चुन्याचा गिलावा, हात फिरवला तर काच. सिमेंटचा कणही नाही, तपासून घेतलं. खिडक्यांच्या वर पानांची नक्षी आहे, त्यात एक पान दुसऱ्यासारखं नाही. ज्या कुणी हे केलं त्याला घाई नव्हती. हा मूळचा, हा ठेवा आणि उत्तरेचा पाडला तरी चालेल, असं मी लिहिलंय.

तुम्ही तरुणपणी या शहरात कामाला होतात ना काही दिवस? हा दवाखाना पाहिला होतात का? आणि असा गिलावा आज कुणी करू शकेल का, तेवढं कळवा. प्रबंधात एखाद्या गवंड्याचं मत असलेलं बरं दिसतं, आणि माझ्या ओळखीत तुमच्याएवढा जुना गवंडी दुसरा नाही.

मामीला नमस्कार.

तुमची भिंगरी
(हल्ली फारशी न फिरणारी)


१८ जानेवारी

भिंगरी,

पत्र पोचलं. फोटो पोचले. जेवणाची आबाळ करू नकोस.

गिलाव्याचं विचारलंस. बरा आहे. त्यात एवढं डोळे दिपण्यासारखं काही नाही. चुना नीट मुरवला आणि हात न थांबवता घोटला की होतो तसा. आमच्या वेळचा कुणीही केला असता. तुम्ही शिकलेली माणसं चुना दिसला की लगेच दीडशे वर्षं म्हणून मोकळी होता.

उत्तरेचा वॉर्ड पाडायची एवढी घाई कशाला? सिमेंट वरून थापलेलं आहे. आत काय आहे ते बघितलंस का? खरवडून बघ आधी. नाहीतर असं कर, दुसरा विषय घे. एखादी विहीर वगैरे. विहिरी बऱ्या असतात.

इकडे सगळं ठीक. मामीचे गुडघे तसेच. माझं पथ्यही तसंच, तळलेल्या पदार्थाचा वाससुद्धा घरात येऊ देत नाही ती.

मामा


२५ जानेवारी

मामा,

दीड महिना राहिलाय आणि विहीर घे म्हणता? बरोबर आहे, उडी मारायला सोयीची पडेल.

साधा प्रश्न विचारला होता, इथे होतात का? त्याचं उत्तर नाही. त्याऐवजी 'तुम्ही शिकलेली माणसं'. हा सूर माझ्या ओळखीचा आहे. कचेरीतल्या साहेबांचा असाच होता, 'आता काय करायचंय शिकून?' त्यांच्याकडून ठीक आहे. पण मला खेळायला बाहुलीच्या आधी ओळंबा कुणी दिला होता? भिंत सरळ आहे की नाही हे मी पाचव्या वर्षी सांगायचे, तेव्हा शाबासकी कोण द्यायचं? आता तुम्हालाच ते जड झालं असेल तर मग राहू दे.

उत्तरेचं सिमेंट खरवडायला परवानगी लागते. परवानगीला अर्ज, अर्जाला तीन सह्या, आणि त्यातली एक सही रजेवर आहे. खरं तर मीही आता त्या वॉर्डाकडे बघायच्या पलीकडे गेले आहे. जे लिहून झालंय ते पुरे.

भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरी बाळ,

मी पत्र लिहिते म्हणजे काहीतरी बिनसलं असणार हे तू ओळखलंच असशील. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. पण तू नक्की काय पाठवलंस ते तरी सांग. ते फोटो आल्यापासून तुझे मामा बोलेनासे झालेत. आधी चष्मा लावून बघतात, मग चष्मा काढून, मग भिंग घेऊन. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "भिंत." अहो, भिंत तर मलाही दिसतेय!

तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. चौथं मी फाडू देणार नाही.

तुझं पत्र मी वाचलं. ह्यांनी उशीखाली ठेवलं होतं आणि उशी मीच झटकते. तुझ्या शिक्षणाला ते नावं ठेवत नाहीत गं. दूधवाल्याला पाठ झालंय तू काय शिकतेस ते. ह्यांचं दुखणं वेगळंच आहे आणि ते मला सांगत नाहीत, एवढं मला कळतं.

मामी


५ फेब्रुवारी

भिंगरी,

मामी डोक्यावर उभी आहे, तेव्हा हे पत्र जाणारच.

तो गिलावा माझा आहे.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी आमची टोळी त्या दवाखान्यात होती. दक्षिणेचा वॉर्ड आतून वस्तादाने माझ्यावर सोपवला. चुना मी तीन महिने मुरवला. खिडक्यांवरची पानं माझी. डावीकडून चौथ्या खिडकीवर एक पान उलटं आहे बघ, देठ वर. तिथे मला शिंक आली होती. त्यावर तू काही लिहिलं असशील तर काढून टाक.

तुझं काम वाया जाईल म्हणून सांगत नव्हतो. आणि दुसरंही एक कारण आहे, लाज वाटते पण सांगतो. 'ज्या कुणी केलं त्याला घाई नव्हती' हे तुझं वाक्य वाचून मला फार बरं वाटलं होतं. त्या कामाला कुणी कधी चांगलं म्हटलं नाही, कारण ते काम झालंय हेच कुणाला दिसलं नाही. वस्ताद म्हणायचा, दुरुस्ती दिसली तर गवंडी कसला!

तुझ्या शिक्षणाबद्दल मी वाकडं बोललो असं तुला वाटलं, ते डोक्यातून काढ.

मामा


११ फेब्रुवारी

मामा,

साडेतीन पानं! त्या एका उलट्या पानावर मी साडेतीन पानं लिहिली आहेत. 'कारागिराने जाणीवपूर्वक केलेला नियमभंग.' बाईंनी शेजारी 'उत्तम निरीक्षण' असा शेरा मारलाय. आणि ती तुमची शिंक! मी आधी हसले, मग रडायला लागले, मग जोडीदारणीने घाबरून चहा करून दिला.

मागच्या पत्रात मी नको ते लिहिलं. चुकलेच.

आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की नवी दुरुस्ती जुन्यापासून वेगळी ओळखू आली पाहिजे. नाही आली तर ती पुढच्या माणसाची फसवणूक. तुमच्या वस्तादांना इथे पहिल्याच परीक्षेत नापास केलं असतं. आणि मी ती पुढची माणूस, सात महिने फसलेली.

पण सगळंच काही बुडालं नाही. गिलावा म्हणजे भिंतीचं कातडं. ते तुमचं निघालं तरी भिंत मूळचीच आहे. दवाखान्याच्या कागदपत्रांत त्या वर्षी एवढीच नोंद आहे, 'दक्षिण वॉर्ड, किरकोळ दुरुस्ती'. तेव्हा साडेतीन पानं काढते, एक तळटीप टाकते, बाकी सगळं तसंच. दक्षिणेचाच वॉर्ड राहील आणि तुमचा गिलावाही राहील.

फक्त एका ओळीत कळवा. गिलाव्याच्या मागची भिंत जुनीच आहे ना?

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरी,

नाही.

'हो' लिहून पाकीट चिकटवलं होतं. परत फोडलं.

तेव्हा त्या भिंतीच्या पायथ्याशी ओल होती. खालचे खराब झालेले दगड काढून नवे बसवायचे होते. हे कसं करायचं ते नवशिकासुद्धा सांगेल. एक हात लांबीतले दगड काढायचे, पुढचा एक हात सोडायचा. काढलेलं भरायचं, सुकू द्यायचं, आणि मगच सोडलेल्याला हात लावायचा. दीड महिन्याचं काम. वस्ताद गावी गेला होता, काम माझ्या हाताखाली होतं, आणि माझं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. मी म्हटलं, सगळं एकदम काढू, एकदम भरू, आठवड्यात मोकळे होऊ. आतून-बाहेरून सलग काढत गेलो.

दुपारी सगळे बाहेर जेवायला बसलो होतो. आधी बारीक खडे पडल्यासारखा आवाज आला. मग भिंतीला पोट सुटलं आणि छपरासकट सगळी खाली बसली. रुग्ण आधीच उत्तरेच्या वॉर्डात हलवले होते आणि आम्ही जेवत होतो. माणूस मेलं नाही ते भुकेमुळे, माझ्या अकलेमुळे नाही.

दवाखान्याच्या साहेबाने वर कळवलं असतं तर त्याची नोकरी गेली असती आणि आमची टोळीही. तो म्हणाला, होती तशी उभी करा, मी किरकोळ दुरुस्ती लिहितो. तेच दगड घेऊन आम्ही पाच महिने बांधत होतो. वस्ताद परत आला तो माझ्याशी बोलेना. शेवटी एवढंच म्हणाला, "आतला गिलावा तू एकट्याने करायचास." तेव्हा मात्र मी घाई केली नाही. तू बरोबर ओळखलंस.

दक्षिणेची भिंत जोत्यापासून वर माझी आहे. जुनी आहे ती उत्तरेची, सिमेंटच्या आतली. खात्री करायची असेल तर दारापासून सातव्या हातावर, कमरेच्या उंचीला भोक पाड. पोटात भरायला खडी कमी पडली होती, म्हणून दवाखान्याच्या कचऱ्यातल्या सलाइनच्या फुटक्या बाटल्या भरल्या. दीडशे वर्षांपूर्वी सलाइनच्या बाटल्या कुठल्या?

मामीला यातलं काही माहीत नाही. तुझं आता काय होणार या विचाराने मला घास उतरत नाही. मला माफ कर.

मामा


२७ फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळून तीन दिवस झाले. जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून थांबले.

सोळा दिवस उरलेत. खरं लिहायचं तर माझा प्रबंध पहिल्या पानापासून चूक आहे. तो नव्याने करायला वर्ष लागेल, आणि ते वर्ष मला कुणी देणार नाही. खोटं लिहायचं तर काहीच करावं लागत नाही. टाइप होऊन पडलाय, नुसता बांधणीला द्यायचा. मग दीडशे वर्षांची भिंत पाडतील, सेहेचाळीस वर्षांच्या भिंतीवर पाटी लावतील, आणि मला त्याबद्दल पदवी देतील.

काल तिथे जाऊन आले. सातव्या हातापाशी उभी राहिले. पिशवीत छिन्नी होती, पण मारली नाही. एकदा मारली की 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय राहत नाही. आत्ता अजून आहे. एका म्हाताऱ्या माणसाने काहीतरी लिहून पाठवलंय, म्हणून सोडून देता येतं.

तुमचं पत्र कुणाला दाखवलेलं नाही.

का सांगितलंत हो मला? गप्प राहिला असतात तर आपण दोघंही सुखात होतो. हे रागाने लिहीत नाही. रागवायलाही जोर लागतो आणि तो माझ्यात उरलेला नाही.

भिंगरी


५ मार्च

बाळ,

उशी मीच झटकते, हे तुला कळवलं होतंच. तुझं पत्र वाचलं आणि ह्यांना समोर बसवून सगळं वदवून घेतलं.

मला तेव्हा काय सांगितलं होतं माहितेय? कावीळ! मुलाला कावीळ झाली म्हणून लग्न पाच महिने पुढे ढकललं. सेहेचाळीस वर्षं मी त्या काविळीची काळजी वाहतेय. घरात तळण नाही. कुणाकडे जेवायला गेलो तर ह्यांच्या ताटातलं तेलकट मी उचलून माझ्या ताटात घेते. आणि हा माणूस मुकाट्याने ते बेचव अन्न गिळत राहिला. विचारलं, का हो, एकदाही सांगावंसं वाटलं नाही? तर म्हणाले, "तेवढी तरी शिक्षा भोगू दे म्हटलं." मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कढई काढली. ह्यांनी दोनदा मागून खाल्लं आणि ताटावरच रडले.

तुला काय करायचं ते सांगणारी मी कोण? मला तुझ्या भिंतीतलं ओ का ठो कळत नाही. पण एक गोष्ट लपवली की ती रोज सांभाळावी लागते, जेवतानासुद्धा, हे मी माझ्या घरात बघितलं. तू आत्ता एकोणचाळीसची आहेस. त्यात आणखी सेहेचाळीस धर.

मामी


६ एप्रिल

मामा आणि मामी,

दोघांच्या नावाने लिहितेय, म्हणजे उशीखाली ठेवायला नको.

आठ मार्चला भोक पाडलं. आधी बाईंना सगळं सांगितलं, मग त्यांना घेऊनच गेले. बाटल्या सातव्या हातावर नाही, साडेसातव्या हातावर निघाल्या. माझा हात तुमच्यापेक्षा आखूड असणार. बाईंनी एक तुकडा उजेडात धरला, त्यावर छापलेलं साल वाचलं आणि तिथल्याच एका फळीवर बसल्या. म्हणाल्या, "पंचवीस वर्षं मी हे शिकवतेय. मीही हात फिरवून मूळचीच म्हटलं. कुणी केलंय हे?" मी म्हटलं, माझ्या मामाने. आधी पाडली पण त्यांनीच. त्या हसतील असं मला वाटलं होतं, पण हसल्या नाहीत.

मग ज्या तीन सह्या जानेवारीत अशक्य वाटत होत्या त्या एका दिवसात झाल्या. उत्तरेचं सिमेंट खरवडलं. आत जुना दगड आहे, धडधाकट. समितीने ठरवलं, उत्तरेचा वॉर्ड ठेवायचा. दक्षिणेचा मेअखेर पाडणार.

मी प्रबंधाऐवजी अकरा पानांचं टिपण दिलं. अकरा पानांना पदवी मिळत नाही. बाई माझ्यासाठी वरपर्यंत भांडल्या, पण नियम तो नियम. नाव कापलं.

एक तारखेपासून परत कचेरीत, त्याच टेबलावर. साहेब म्हणाले, "आलात? बरं झालं," आणि एका शाळेच्या संडासांचे नकाशे पुढ्यात टाकले. दोन वर्षं गेली, मामा. बरोबर केलं हे मला कळतं, पण बरोबर केल्यावर जे बरं वाटतं म्हणतात, ते काही मला वाटत नाहीये. नुसती झोप येते. परत प्रवेश घेणार का, हे एवढ्यात विचारू नका.

पाडतील तेव्हा मी नसेन, रजा शिल्लक नाही. तुम्हीही जाऊ नका. उगाच जिवाला त्रास.

भिंगरी


३ जून

भिंगरी,

आम्ही गेलो होतो. तिकिटं मामीने काढली, मला प्रवासाच्या आदल्या दिवशी सांगितलं.

मशीनवाला म्हणाला, चुन्यातलं काम आहे, जेवणाच्या सुट्टीआधी उरकतो. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत छप्पर आणि दोन खिडक्या तेवढ्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याने मशीन बंद केलं, खाली उतरला, भिंतीला हात लावून बघितलं आणि ओरडला, "कुणी बांधलीय ही?" सोबत एक शिवीपण होती, ती लिहीत नाही.

मी कडेला झाडाखाली बसलो होतो. मामी गुडघे विसरून उभी राहिली आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या ह्यांनी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ठेकेदार, मजूर, नगरपालिकेची दोन माणसं, तुझ्या बाई. मशीनवाला येऊन शेजारी बसला. म्हणाला, "बाबा, काम नंबरी केलंत. मग आधीची कशी काय पडली होती?" त्याला कुणीतरी सांगितलं असणार. ओल होती म्हणावं असं वाटलं. जुनी होती म्हणावं असंही वाटलं.

मी म्हटलं, "माझ्या हातून पडली. लग्नाची घाई झाली होती मला." माझं मलाच नीट ऐकू येत नाही, त्यामुळे जरा मोठ्यानेच बोललो. सगळ्यांनी ऐकलं. मशीनवाल्याने मला पाणी आणून दिलं आणि परत कामाला लागला. दुपारी तीनच्या सुमारास भिंत खाली आली. मी शेवटपर्यंत बघितलं. वाईट वाटलं, फार वाटलं, खोटं कशाला सांगू?

तुझी पदवी माझ्यापायी गेली. 'पुढच्या वर्षी मिळेल' वगैरे मी म्हणणार नाही. म्हणायचा हक्कही मला नाही.

निघताना तुझ्या बाई मला उत्तरेच्या वॉर्डात घेऊन गेल्या. सिमेंट काढलंय तिथे हात लावून बघितलं. फार चांगलं काम आहे, भिंगरी. माझ्यापेक्षा चांगलं. मी गप्प बसलो असतो आणि तू तुझं लिहिलेलं तसंच देऊन टाकलं असतंस, तर ही पण माझ्याच हातून पडली असती. तू ती पडू दिली नाहीस.

मामा